छापखान्यात सही करण्यापूर्वी

व्यापारी बंधूंनो, एकदा लग्नसराईच्या तोंडावर मी साड्यांच्या खोक्यांसाठी लेबले छापून घेतली. माल हाती आला तर दुकानाच्या फोन नंबरातला एक आकडा चुकलेला! छापखानेवाल्याने माझ्या सहीचे प्रूफ पुढे ठेवले. सारी लेबले रद्दीत गेली. तेव्हापासून मी छापखान्याचे हे चार शब्द शिकून घेतले.

प्रूफ : छपाईआधीचा नमुना. त्यावर सही झाली की चूक आपली. नाव, पत्ता, भाव, प्रत्येक आकडा बोट ठेवून वाचावा. दुसऱ्याकडूनही तपासून घ्यावा. उर्दू मजकूर असल्यास जास्तच जपावे, कारण फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर अक्षरे तुटतात. फाइल ‘कर्व्ह’ करून द्यावी.

सीएमवायके : सियान, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शाया. कॉम्प्युटरचा पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, मशीन शाईने छापते. म्हणून पडद्यावरचा झगझगीत रंग कागदावर फिका उतरतो. रंग जुळवायचा असेल तर कापडाचा तुकडा सोबत न्यावा आणि छापील नमुना मागावा.

ब्लीड : कापण्याच्या रेषेबाहेर साधारण ३ मिलिमीटर वाढवलेला रंग. तो नसला तर कटिंगमध्ये कडेला पांढरी रेघ राहते.

जीएसएम : एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. दोन छापखान्यांचे भाव ताडून पाहताना जीएसएम सारखा आहे ना, हे आधी विचारावे.

आणि सही केलेल्या प्रूफची एक प्रत आपल्याजवळही ठेवावी.