जुन्या मोटारीचा पूर्ण विमा

बंगळूरच्या बनशंकरीत घरांसमोर उभ्या असणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मोटारींच्या मालकांपुढे, विम्याची मुदत संपत आली की, पूर्ण विमा कायम ठेवावा की कायद्यापुरताच उतरवावा, हा प्रश्न दरसाल उभा राहतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाच्या हानीचा विमा सक्तीचा केला असल्यामुळे विचार करावयाचा तो केवळ स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा.

पाच वर्षांनंतर गाडीचे विमामूल्य मालक व कंपनी यांच्या संमतीने ठरते. शिवाय दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर आणि, वय काहीही असो, प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर सामान्यतः निम्मीच भरपाई मिळत असल्याने, दुरुस्तीचा बराच भार अखेर मालकावरच पडतो. तथापि झाड कोसळणे, चोरी व आग यांपासूनचे संरक्षण पूर्ण विम्यातच असते, आणि पावसाळी वाऱ्यात झाडे उन्मळून पडणाऱ्या बंगळूरात ही बाब उपेक्षणीय नव्हे. पाण्यात बुडून इंजिन निकामी झाल्यास मात्र स्वतंत्र पुरवणीवाचून दावा बहुधा नामंजूर होतो.

माझे स्पष्ट मत असे : गाडी गेल्यास दुसरी घेण्याइतकी शिल्लक पदरी नसेल, तर पूर्ण विमा सोडू नये.