मोटारसायकलचा एअर फिल्टर : घरच्या घरी बदलण्याची रीत



ऊस विकास विभागाच्या पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, को ८६०३२ लावावा की फुले २६५, अशाच गोष्टी वाचता. या खेपेस आम्ही मोटारसायकलविषयी लिहीत आहोत, आणि तेही तिच्या एका कागदी भागाविषयी. विभागाचा आणि मोटारसायकलचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. आज आपल्या तालुक्यात उसाचा धंदा निम्मा दोन चाकांवर चालतो. डेअरीला दुधाची किटली, माळावर खताचे पोते, रात्रीच्या लाइटला मोटर चालू करायला नदीकाठ, तोडणीची चौकशी करायला गट ऑफिस, सगळीकडे तीच जाते. आमचे कर्मचारी तरी नोंदीसाठी आणखी कशावरून फिरतात? ती बंद पडली की घरचे चक्र अडते. आणि ती लवकर म्हातारी होण्याची जी कारणे आमच्या पाहण्यात आहेत, त्यांत न बदललेला किंवा काढून टाकलेला एअर फिल्टर हे मोठे कारण आहे.

गेल्या हंगामात उत्तूर भागातील एक सभासद आम्हांस म्हणाले, "साहेब, गाडी चढाला वढत न्हाई, आन् धूर मारतीया." गाडी काही फार जुनी नव्हती. धूर निळसर होता, म्हणजे इंजिन ऑइल खात होते. साइड कव्हर काढून पाहिले तर आत फिल्टरच नाही. कोणी तरी त्यांना सांगितले होते की फिल्टर काढला म्हणजे गाडी मोकळी पळते. पळाली खरी, चार-सहा महिने. नंतर बोअर, पिस्टन, रिंगा सगळे नवे करावे लागले, आणि पहिल्या उचलीतून लागणीच्या खतासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. फिल्टरची किंमत दोन-तीनशे रुपयांच्या घरात असते.

हा कागद एवढा महत्त्वाचा का, ते हिशेबाने पाहू. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे जवळजवळ ११ किलो हवा. हवेला वजन कमी, तेव्हा ही ११ किलो हवा मापली तर ९ हजार लिटरच्या आसपास भरते. पाठीवरच्या १५ लिटरच्या फवारणी पंपाने मोजायचे तर ६०० पंप हवा, फक्त एका लिटर पेट्रोलला! गाडी पेट्रोल पिते हे आपल्याला दिसते, कारण त्याचे पैसे पडतात. हवा फुकट, म्हणून ती कोणी मोजत नाही.

आता ही हवा कुठली? संकेश्वर-बांदा रस्ता सोडून आत वाडीकडे वळले की जांभ्याची तांबडी धूळ. हंगाम चालू झाला की पुढे उसाची ट्रॉली आणि मागे आपण, पाल्याचा भुसा आणि चाकाखालची माती सगळी आपल्या तोंडावर. आपण तोंडाला रुमाल बांधतो. गाडीचा रुमाल म्हणजे हा फिल्टर. धुळीतला वाळूचा बारीक कण बोअरच्या बिडापेक्षा कठीण असतो. तो ऑइलमध्ये मिसळला की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखे काम करतो आणि पिस्टनच्या प्रत्येक फेरीला बोअर थोडाथोडा खातो. एकदा खाल्लेला बोअर भरून येत नाही.

ट्रॅक्टरवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ असायचा, खालच्या वाटीतले तेल चिखल झाले की बदलायचे, हे गावातल्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ होते. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र विसर पडला. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, तेव्हा पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. आपल्या लोकांनी पेट्रोलबरोबर बाकीचेही सगळे विसरायचे ठरवले की काय, अशी आम्हांस कधी कधी शंका येते.

आपल्या गाडीत कोणत्या जातीचा फिल्टर आहे हे आधी ओळखावे, कारण प्रत्येकाची निगा वेगळी. पहिला फोमचा, म्हणजे स्पंजाचा. हा धुता येतो. साबणाच्या कोमट पाण्यात दाबून दाबून धुवावा, पिळू नये, फाटतो. पूर्वी रॉकेलमध्ये धूत, आता रॉकेल मिळणेच दुर्मिळ झाले आहे. पेट्रोलमध्ये मात्र कधीही धुऊ नये, भडक्याची भीती असते. सावलीत पूर्ण वाळवून, पुस्तिकेत सांगितलेल्या तेलात बुडवून, जास्तीचे तेल दाबून काढावे आणि बसवावा. दुसरा कोरड्या कागदाचा. हा हलक्या हाताने झटकता येतो, आणि हवा मारायची तर कमी दाबाने आतून बाहेर मारावी. तिसरा चिकट कागदाचा. हात लावला की किंचित तेलकट लागतो, आणि आजच्या बऱ्याच शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत हाच आहे. धूळ धरून ठेवावी म्हणून कंपनीनेच त्याला तेल लावलेले असते. हा धुवायचा नाही, झटकायचा नाही, हवाही मारायची नाही. थेट बदलायचा.

आमचे भांडण येथेच आहे. पंक्चरच्या दुकानात गाडी उभी केली की पोरगा कॉम्प्रेसरची नळी घेऊन फिल्टरवर फर्रकन हवा मारतो. धूळ उडालेली दिसते, मालक खूश होतो. पण त्या दाबाने चिकट कागदाची घडी फाटते, डोळ्याला न दिसणारी भोके पडतात, आणि पुढे त्याच भोकातून धूळ सरळ इंजिनात जाते. घाणेरड्या फिल्टरपेक्षा फाटका फिल्टर वाईट. घाणेरड्या फिल्टरने गाडी फक्त धापा टाकते.

बदलायला फार हत्यारे लागत नाहीत. गाडीबरोबर मिळालेला स्क्रू ड्रायव्हर, १० नंबरचा पाना, दोन स्वच्छ फडकी आणि स्क्रू ठेवायला एक वाटी पुरे. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावावी, किल्ली काढून घ्यावी, इंजिन निवू द्यावे. वारे सुटलेल्या खळ्यात हे काम करू नये. आधी कव्हराभोवतीची माती ओल्या फडक्याने पुसावी, नाही तर उघडताच तीच आत पडते. फिल्टरची पेटी कुठे आहे ते गाडीच्या पुस्तिकेत पहावे. काही गाड्यांत ती एका बाजूच्या कव्हरामागे असते, काहींत सीट काढावे लागते. साइड कव्हर बहुधा रबरात बसवलेल्या खुंट्यांवर असते. ते तिरके ओढू नये, दोन्ही हातांनी सरळ बाहेर घ्यावे. खुंटी मोडली की कव्हर जन्मभर खडखडते.

आता पेटीच्या झाकणाचे स्क्रू काढून वाटीत ठेवावेत. लांब-आखूड असतील तर कोणता कुठला ते लक्षात ठेवावे. जुना फिल्टर बाहेर काढण्यापूर्वी तो कोणत्या तोंडाने बसला आहे याचा मोबाइलवर एक फोटो घ्यावा. नंतर उलटा की सुलटा हा वाद राहत नाही. फिल्टर काढला की इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडात लगेच एक स्वच्छ फडके कोंबावे. वॉशर नाही तर स्क्रू त्या तोंडातून आत गेला तर दोनशेचे काम फार महागात जाते. पेटी दुसऱ्या ओलसर फडक्याने पुसावी.

पुसताना एक गोष्ट मुद्दाम पहावी. फिल्टरच्या बाहेरच्या बाजूस धूळ असणारच, तिचे ते कामच आहे. पण आतल्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूस बोट फिरवल्यावर तांबडे लागले, तर कुठे तरी रबर सुटले आहे, फिल्टर नीट बसलेला नव्हता किंवा कागद फाटला आहे. मग नुसता नवा फिल्टर घालून भागणार नाही. रबरी नळीला चीर आहे का, क्लिप ढिली आहे का, ते पहावे, न समजल्यास मेकॅनिकला दाखवावे. पेटीच्या तळाला बहुधा एक छोटी नळी असते, तिच्या टोकाला बूच. तीत पाणी किंवा ऑइल साठलेले दिसल्यास बूच काढून रिकामी करावी आणि बूच आठवणीने परत लावावे.

नवा फिल्टर पाकिटातून काढल्यावर कागदाला बोटे लावू नयेत, चौकटीला धरावा. चिकट कागदावर आपल्या मनाने आणखी तेल ओतू नये. फडके काढले का, हे एकदा पहावे. (हसू नका, फडके तसेच राहून गाडी चालू होत नाही म्हणून ढकलत आणलेली आम्ही पाहिली आहे.) फिल्टरची रबरी कड चहूबाजूंनी खाचेत बसली पाहिजे. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जावेत, पण जोर करू नये, आतला आटा प्लॅस्टिकचा असतो. गाडी चालू करून दोन-चार वेळा हलकी रेस द्यावी. झाले. पहिल्यांदा अर्धा तास, पुढच्या वेळी पंधरा मिनिटे.

फिल्टर घेताना गाडीचे मॉडेल आणि साल सांगून घ्यावा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या, नाव तेच असले तरी जुन्या आणि नव्या गाडीचा फिल्टर सारखा असेलच असे नाही. पाकिटाशिवाय सुटा मिळणारा स्वस्त माल टाळावा. त्याची कड पातळ असते आणि धुळीला फटीच हव्या असतात.

बदलायचा केव्हा? चिकट कागदाच्या फिल्टरला काही कंपन्यांच्या पुस्तिकेत १५-१६ हजार किलोमीटरचा आकडा असतो, आणि धुळीच्या भागात त्याहून लवकर असेही लिहिलेले असते. आपला भाग धुळीचाच. रोज ३० किलोमीटर धरले तरी वर्षाला ११ हजार होतात. तेव्हा वर्षातून एकदा बदलावा हे आमचे मत. खंडेनवमीला आपण गाडी धुऊन हार घालतोच, त्या दिवशी पेटी उघडावी. पुढे हंगामाची धूळ येणार असते. हंगाम संपल्यावर, मृगाच्या आधी, एकदा नुसता पाहून घ्यावा.

ॲव्हरेज उतरेपर्यंत थांबू असे म्हणणारे पुष्कळ आहेत. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत ते काहीसे चालते: हवा कमी पडली की काळा धूर येतो, प्लगवर काजळी धरते, पेट्रोल जास्त जाते. इंजेक्शनच्या गाडीचे तसे नाही. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली मोटारींवर तपासले, तेव्हा इंजेक्शनच्या मोटारींचे ॲव्हरेज फिल्टर तुंबल्याने फारसे उतरले नाही, मात्र वेग घेण्याची ताकद कमी झाली. म्हणजे गाडी पेट्रोलवरून तक्रार करीलच असे नाही. चढाला दम तोडू लागली की समजावे. त्याआधी सीटखालीही एकदा पहावे. फडकी, पिशव्या, कागदपत्रे सगळी तेथे कोंबलेली असतात, आणि काही गाड्यांत हवा ओढायचे तोंड नेमके तेथेच असते. गोठ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पेटीत उंदराने कागद कुरतडून घर केल्याचेही पाहण्यात आले आहे.

पावसाळ्याचे दोन शब्द. गवसे, सुळेरानकडच्या पावसात फिल्टर ओला होण्याचा संभव राहतो. भिजलेला कागदी फिल्टर वाळवून परत घालू नये, कागदाच्या घड्या चिकटून बसतात. हिरण्यकेशीला पाणी आले की साळगावच्या बंधाऱ्यासारखे बंधारे बुडतात. तेव्हा पलीकडे जाण्याचे धाडस करूच नये, गाडीपेक्षा माणूस मोठा. पण उभी गाडी पाण्यात सापडली, किंवा ओढ्यात बंद पडली, तर किक अथवा बटण मारू नये. हवेसारखे पाणी दबत नाही. ते पिस्टनवर साठलेले असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत कोरड्यात आणावी, फिल्टरची पेटी उघडून आत पाणी आहे का पहावे, आणि असल्यास प्लग काढून पाणी बाहेर घालवण्याचे काम मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

बदलल्याची तारीख आणि त्या दिवसाचे किलोमीटर साइड कव्हरच्या आतल्या बाजूस मार्करने लिहून ठेवावेत. डायरी हरवते, कव्हर गाडीबरोबरच राहते. जुना फिल्टर पाचटात किंवा सरीत टाकू नये, त्याची चौकट प्लॅस्टिकची असते. भंगारवाला आला की त्याला द्यावा.