रान काढताना : पावस परिसरातील पडीक जमीन आणि यंत्रे

रत्नागिरीपासून दक्षिणेस सुमारे 18 किलोमीटरवर वसलेले पावस हे गाव स्वामी स्वरूपानंदांच्या वास्तव्यामुळे आणि हापूस आंब्यामुळे सर्वत्र परिचित आहे. गोळपचा सडा ओलांडून रस्ता पावसकडे उतरू लागला, की दोन्ही बाजूंना दोन प्रकारची जमीन दिसते. एका बाजूस गडग्याने बंदिस्त केलेली, आळी केलेली कलमांची बाग असते. तिला लागूनच दुसरा तुकडा असा असतो, की त्यात माणसाला पाऊल टाकता येत नाही. करवंदीची जाळी, घाणेरी, रानमोडी, कुडा आणि त्यांवर चढलेल्या वेली यांनी तो पार झाकून गेलेला असतो. अशा जमिनी साफ करण्यासाठी आता गावोगाव यंत्रे येऊ लागली आहेत. हे काम कसे करावे, आणि कोठे करू नये, याचा विचार आम्ही येथे मांडीत आहोत. आमच्या वसतिगृहातील अनेक मुलांच्या घरची थोडीफार जमीन अशाच स्थितीत असल्याने हा विषय आम्हाला जवळचा वाटतो.

रान का वाढले?

कोकणात वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढ्या पावसात उघडी जमीन फार काळ उघडी राहत नाही. पूर्वीही रान वाढतच होते. परंतु ते वर्षभर माणसांच्या आणि गुरांच्या उपयोगी पडत होते. भाताच्या दाढीसाठी भाजावळ करावयाची म्हणून झाडांची कवळे तोडली जात. सड्यावरचे गवत गोठ्यासाठी व छपरासाठी कापले जाई. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी पिकत असे. चुलीसाठी लाकूडफाटा लागे आणि करवंदीच्या काट्यांनी कुंपणे होत. रान काढण्याचे वेगळे काम कोणी करीत नव्हते. ते इतर कामांतून आपोआप होत होते.

पुढे घरटी एक-दोन माणसे मुंबईस गेली, मग घरेच बंद झाली. गुरे कमी झाली, चुलीच्या जागी गॅस आला, नाचणीची शेती थांबली. कापणारे हात गेले आणि रान तेवढे राहिले. त्यात मूळच्या उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील घाणेरी आणि रानमोडी या वनस्पतींची भर पडली. रानमोडीचे बी केसाळ व हलके असते आणि वाऱ्याबरोबर दूर जाते; घाणेरीचे बी पक्षी पसरवितात. दोन्ही झुडपे वरून छाटली, तरी बुंध्यापासून पुन्हा फुटतात.

या जमिनीचे मोल

या जमिनीकडे पडीक म्हणून पाहताना तिचा इतिहास विसरता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात खोती पद्धत होती आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीवर हक्क नव्हता. ती पद्धत रद्द व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, आणि 1938 च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. 1949 च्या कायद्याने खोती संपुष्टात आली. कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कुळे जमिनीची मालक झाली. पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेला हक्क अशा रीतीने सातबाऱ्यावर आला. त्या सातबाऱ्यावरची जमीन आज रानाखाली दडलेली असेल, तर ती मोकळी करणे हे त्या हक्काचा उपयोग करण्यासारखेच आहे.

रान तसेच ठेवण्यात धोकाही आहे. फेब्रुवारीपासून सड्यावरचे गवत आणि रानमोडीच्या काटक्या वाळतात. एक ठिणगी पडली, तरी वणवा गडगा ओलांडून शेजाऱ्याच्या मोहरलेल्या आंबा-काजूत शिरतो. पंधरा वर्षे जपलेली कलमे एका दुपारी होरपळतात. रानडुकरांना अशा तुकड्यांत आसरा मिळतो. बिबट्याचा वावरही वाढतो.

यंत्रे आणि त्यांचे काम

या भागात मुख्यतः तीन प्रकारची यंत्रे वापरली जातात. पहिले, खांद्याला अडकवून चालविण्याचे ग्रासकटर. ते गवत आणि बोटाएवढ्या जाडीची झुडपे कापते, मातीला धक्का लावीत नाही. मात्र मुळे तशीच राहतात. दुसरे, जेसीबी. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची ही आद्याक्षरे. भारतात ही यंत्रे 1979 पासून दिल्लीजवळच्या बल्लभगड येथे तयार होऊ लागली. त्याला पुढे रुंद बकेट आणि मागे खोदणारा हात असतो. टायरांवर चालत असल्याने ते रस्त्याने स्वतः येते, पण तीव्र उतारावर ते चालविणे धोक्याचे असते. तिसरे, साखळीपट्ट्यांवर चालणारे पोकलेन. हे नावही एका फ्रेंच कंपनीचे. त्याचे वजन पट्ट्यांवर पसरते, त्यामुळे उतारावर ते अधिक स्थिर राहते आणि लांब हाताने मोठे खुंट मुळासकट उपटते.

यंत्र तासाच्या हिशेबाने येते, म्हणून मालकाला घाई असते. आमच्या मते सर्वांत मोठे नुकसान या घाईत होते. पुढच्या बकेटने सरसकट जमीन खरवडली, की रानाबरोबर वरची काळपट मातीही ढिगात जाते. कातळावर ही माती अनेक ठिकाणी वीतभरच असते. ती गेली की खाली उरतो तो जांभा. त्यापेक्षा मागच्या हाताने एकेक जाळी मुळासकट उचलावी, माती झटकावी आणि पुढे जावे. वेळ अधिक लागतो, पण जमीन शिल्लक राहते.

यंत्र आणण्यापूर्वी

प्रथम कोयता घेऊन जाणत्या माणसांनी जमीन पायी फिरावी. झाडीत बिनकठड्याच्या जुन्या विहिरी दडलेल्या असतात. त्यांभोवती खुणेचे बांबू रोवावेत. जांभ्याच्या भागात फुरसे हा विषारी साप पुष्कळ आढळतो, म्हणून गुडघ्यापर्यंतचे बूट वापरावेत. यंत्र चालू असताना मुलांना जवळ येऊ देऊ नये.

दुसरी गोष्ट हद्दीची. कोकणातील सातबारे बहुधा सामाईक असतात. मुंबईत राहणाऱ्या भावाबहिणींची संमती आधी घ्यावी, शंका असल्यास मोजणी करून घ्यावी. यंत्राने गडगा किंवा हद्दीचा दगड हलला, तर साफ झालेल्या जमिनीवर पीक येण्याआधी तंटा उगवतो. तिसरी गोष्ट कायद्याची. झाडे तोडण्यासंबंधीच्या 1964 च्या अधिनियमानुसार आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर इत्यादी झाडे आपल्या जमिनीत असली, तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. अशा झाडांना चुन्याचा पट्टा मारून ठेवावा, म्हणजे चालकाला ती ओळखता येतात.

उघड्या सड्यावर मात्र यंत्र घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा. पावसाळ्यात तेथील उथळ खळग्यांत पाणी साठते आणि इतरत्र न आढळणारी रानफुले फुलतात. शिवाय याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी येथील शिल्पांचा समावेश 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाला. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. तरीही मातीगवताखाली असे चित्र सहज झाकून जाते. साखळीपट्ट्याची एक फेरी ते कायमचे पुसून टाकू शकते. कातळावर कोरीव रेघ दिसली, तर काम थांबवून ग्रामपंचायतीस आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे.

केव्हा आणि त्यानंतर काय?

पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास काम घ्यावे. तेव्हा माती ओलसर असल्याने मुळे सहज सुटतात, रानमोडीचे बी उडालेले नसते आणि वणव्याचा काळ दूर असतो. मे अखेरीस जमीन उघडी केली, तर मृगाच्या पहिल्याच सरींत माती उताराने वाहून भातखाचरांत आणि ओढ्यांत जाते. उपटलेले रान पेटवू नये. उताराला आडवे, समपातळीवर रचले, तर ते माती अडविते आणि दोन-तीन पावसाळ्यांत कुजून खत होते. तीव्र उतारावरचा आणि ओढ्याकाठचा पट्टा न काढणेच हिताचे. करवंदीची एक रांग कुंपण म्हणून राखावी. तिची फळेही मिळतात.

मोकळी जमीन मोकळी ठेवली, तर तिसऱ्या वर्षी पुन्हा रान उभे राहते. म्हणून यंत्र बोलावण्यापूर्वी पुढे काय लावणार, हे ठरलेले असावे. काजूसाठी साधारण 7 मीटर आणि आंब्यासाठी 10 मीटर अंतर ठेवतात. कलमे वाढेपर्यंत मधल्या जागेत नाचणी, कुळीथ किंवा उडीद घेतला, तर जमीन झाकलेली राहते. पहिली तीन वर्षे पावसाळ्यानंतर नवे फुटवे कोयत्याने किंवा ग्रासकटरने काढावेच लागतात. कलमांना तग धरेपर्यंत पाणी घालण्यासही कोणी तरी गावात असावे लागते.

यंत्र दोन दिवसांचे काम करून निघून जाते. त्यानंतरची वर्षे माणसांची असतात. ज्या घरात वर्षातून निदान चार वेळा त्या जमिनीवर जाणारे कोणी आहे, त्यांनी अवश्य रान काढावे. तसे कोणी नसेल, तर सर्व तुकडा साफ करण्याऐवजी हद्दीलगत दहा-बारा फुटांचा जाळपट्टा काढून शेजाऱ्याची बाग वणव्यापासून वाचवावी, आणि उरलेल्या जमिनीची माती पुढच्या पिढीसाठी राखून ठेवावी. या शाळेतून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी काही जणांनी तरी आपल्या आजोबांच्या नावाचा सातबारा काढून, ती जमीन एकदा पायी फिरून पाहावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.