डिझेलचा काटा आणि नवले पुलाचा उतार

२० नोव्हेंबर २०२२, रविवारची रात्र. साताऱ्याकडून मुंबईच्या दिशेने निघालेले एक अवजड वाहन कात्रजचा नवा बोगदा ओलांडून उताराला लागले आणि नवले पुलाजवळ पुढच्या वाहनांवर एकामागून एक आदळत गेले. धडकेत सापडलेल्या वाहनांचा आकडा सुरुवातीला ४८ असा सांगितला गेला. नेहमीप्रमाणे 'ब्रेक निकामी' ही चर्चा लगेच सुरू झाली. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र वेगळीच बाब पुढे आली. इंधन वाचविण्यासाठी चालकाने उतारावर इंजिनच बंद केले होते.

भरलेल्या ट्रकचे इंजिन चालत्या गाडीत बंद करणे हा मोटारीतून फिरणाऱ्या पुणेकराला निव्वळ वेडेपणा वाटेल. मात्र मालवाहतुकीच्या धंद्यात ही जुनी सवय आहे. तिचे मूळ चालकाच्या बेफिकिरीपेक्षा डिझेलच्या हिशेबात अधिक आहे.

मालवाहतुकीत सर्वांत मोठा खर्च डिझेलचा. भरलेला मोठा ट्रक एका लिटरमध्ये साधारण तीन ते पाच किलोमीटर जातो. वजन, चढ, टायरची स्थिती आणि वाहतूक कोंडी यांनुसार हा आकडा बदलतो. मालकाला मात्र हिशेब ठरावीक हवा असतो. म्हणून अनेक ठिकाणी फेरीमागे डिझेल ठरवून दिले जाते. अमुक अंतराला अमुक लिटर. त्यातून जे वाचेल ते चालकाचे आणि जे कमी पडेल तेही चालकाचेच, असा हा रिवाज आहे. भत्ता तुटपुंजा असेल तेव्हा वाचलेले डिझेल हीच वरकमाई ठरते. चाकणच्या कोंडीत दोन तास गेले किंवा शहरात अवजड वाहनांना बंदीच्या वेळेत 'नो एंट्री' सुटण्याची वाट पाहत उभे राहावे लागले, तर तेवढे डिझेल जळते आणि गणित बिघडते. मग त्याची भरपाई चालक पुढच्या उतारावर शोधतो.

टाकी कुठे भरायची हा याच हिशेबाचा दुसरा भाग. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तरी डिझेल त्याच्या बाहेरच राहिले. प्रत्येक राज्याचा कर वेगळा, म्हणून भावही वेगळा. कर्नाटकातील डिझेल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असते तेव्हा पुण्याहून दक्षिणेकडे जाणारे अनेक ट्रक इथे जेमतेम डिझेल घेतात आणि कोल्हापूर ओलांडून कोगनोळी-निपाणीच्या पट्ट्यात टाकी भरतात. लिटरमागे दोन रुपयांचा फरक धरला, तरी तीनशे लिटरच्या टाकीत सहाशे रुपये सुटतात. परतीच्या प्रवासातही तीच युक्ती उलट्या बाजूने चालते. तिकडे भरलेली टाकी मुंबईपर्यंत पुरवायची. पुण्याजवळ येईपर्यंत काटा खाली उतरलेला असतो आणि पुढे कात्रजचा उतार असतो.

टाकी रिकामी ठेवून फिरण्याचा धोका १ आणि २ जानेवारी २०२४ रोजी राज्याने अनुभवला. नव्या भारतीय न्याय संहितेतील अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध चालकांनी काम बंद केले, टँकर थांबले आणि पंपांवर रांगा लागल्या. तरतूद लागू करण्यापूर्वी वाहतूकदारांशी चर्चा करण्याचे आश्वासन केंद्राने दिल्यानंतर आंदोलन निवळले. दोनच दिवसांचा हा प्रकार, पण 'पुढच्या पंपावर भरू' म्हणणाऱ्यांना त्या दोन दिवसांत पुढचा पंपही कोरडा असू शकतो हे कळले.

काट्यापेक्षा काठी खरी

टाकीत किती डिझेल शिल्लक आहे, हे ठरविण्यासाठी अनुभवी चालक समोरच्या काट्यावर पूर्ण विसंबत नाही. काटा टाकीतल्या तरंगत्या फ्लोटवर चालतो. रस्ता चढाचा असेल, तर डिझेल टाकीच्या एका बाजूला सरकते आणि काटा उगाच खाली किंवा वर जातो. म्हणून सपाट जागी गाडी उभी करून झाकण उघडायचे आणि खुणा केलेली काठी किंवा पट्टी आत बुडवून पाहायची, ही जुनी पद्धत आजही चालते. दुसरा आधार किलोमीटरचा. टाकी तोंडापर्यंत भरल्यावर मीटरचा आकडा लिहून ठेवायचा, पुन्हा तोंडापर्यंत भरताना किती लिटर बसले ते पाहायचे आणि त्यावरून गाडीचा 'अॅव्हरेज' काढायचा. रिकाम्या परतीच्या फेरीचा अॅव्हरेज भरलेल्या गाडीला लावला, की फसगत ठरलेली. रात्री ढाब्यावर गाडी उभी असताना डिझेल चोरीला जाते, हेही या धंद्यातले उघड गुपित. सकाळी निघण्यापूर्वी काठी बुडविण्याचे ते आणखी एक कारण.

काटा तळाला टेकल्यावरही टाकीत थोडे डिझेल असते, पण ते सारे इंजिनाच्या उपयोगाचे नसते. तळाचा गाळ आणि साठलेले पाणी ओढले जाऊ नये, म्हणून डिझेल ओढणारी नळी तळापासून थोडी वर ठेवलेली असते. सपाट रस्त्यावर पुरणारे हे शेवटचे काही लिटर चढावर नळीपासून दूर सरकतात. खंबाटकी घाटात किंवा शिंदेवाडीकडून कात्रज बोगद्यापर्यंतच्या चढणीवर, टाकीत डिझेल असतानाही, गाडी आचके देऊ लागते ती यामुळे. पावसाळ्यात पाणी अधिक साठते, त्यामुळे तळाच्या डिझेलवर गाडी चालविणे तेव्हा अधिक महागात पडते.

गाडीने हवा घेतली!

पेट्रोलची दुचाकी बंद पडली तर बाटलीभर पेट्रोल ओतून किक मारता येते. डिझेल ट्रकचे तसे नाही. टाकी कोरडी पडली की नळीतून डिझेलऐवजी हवा ओढली जाते. चालकांच्या भाषेत गाडीने 'हवा घेतली'. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाखाली तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते पेट घेते. नळीत हवेचा फुगा असेल तर पंपाचा सारा जोर तो फुगा दाबण्यात जातो, कारण हवा दबते आणि डिझेल दबत नाही. फवारा उडत नाही आणि सेल्फ कितीही मारला तरी इंजिन लागत नाही. शेवटी बॅटरी उतरते आणि एका अडचणीच्या दोन होतात.

यावरचा उपाय म्हणजे हवा काढणे. पुरेसे डिझेल ओतायचे, फिल्टरवरचा स्क्रू पान्याने सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचे. प्रथम फेस येतो, मग बुडबुडे आणि शेवटी डिझेलची अखंड धार. धार आली की स्क्रू आवळायचा. जुन्या गाड्यांत इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांचे नटही ढिले करून उरलीसुरली हवा काढली जात असे. जुना चालक क्लीनरच्या मदतीने हे काम रस्त्याकडेला उरकत असे.

नव्या गाड्यांत ही शेवटची युक्ती अंगाशी येऊ शकते. बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतर ट्रकमध्ये कॉमन रेल पद्धत रुळली. ट्रकच्या टायरमध्ये आठ-नऊ बार दाब असतो. इथे नळीतला दाब हजार बारच्या पुढे जातो. अशी नळी सैल करून इंजिन फिरविल्यास उडणारी धार कातडी भेदू शकते. शिवाय या पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच. तो कोरडा फिरला की झिजतो, धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो आणि दोन-चार लिटरच्या काटकसरीचे बिल कार्यशाळेत भरावे लागते. बीएस-६ ट्रकला डिझेलशिवाय युरियाच्या द्रावाचीही वेगळी टाकी असते. ती संपली की गाडीची ताकद कमी होते, म्हणजे चालकाला आता एकाऐवजी दोन काटे सांभाळावे लागतात.

घरपोच डिझेलचा देशातील पहिला प्रयोग इंडियन ऑइलने मार्च २०१८ मध्ये पुण्यातच सुरू केला होता. ही सोय मुख्यतः कारखाने, जनरेटर आणि बांधकामाची यंत्रे यांच्यासाठी आहे. घाटात अडकलेला चालक अजूनही कॅन घेऊन एखाद्या दुचाकीस्वाराला हात करतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. ती येईपर्यंत गाडी शक्य तितकी कडेला घेणे आणि मागे पुरेशा अंतरावर लाल त्रिकोण ठेवणे महत्त्वाचे, कारण अंधारात लेनमध्ये थांबलेला ट्रक मागून येणाऱ्याला ऐन वेळीच दिसतो.

पंचवीस रुपयांचा उतार

डिझेल संपण्याची ही सारी धास्ती आणि वरकमाईची आशा उतारावर एकत्र येतात. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर दरी पूल, नऱ्हे, भूमकर चौक करीत रस्ता नवले पुलापर्यंत उतरत जातो. हे अंतर सुमारे चार-पाच किलोमीटर. शिंदेवाडीची चढण चढून आलेल्या ट्रकला इथे गुरुत्वाकर्षण फुकट ओढते. काही चालक गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, तर काही किल्लीच फिरवून इंजिन बंद करतात.

यातून वाचते किती? मोठे डिझेल इंजिन जागेवर नुसते चालू राहिले, तर तासाला साधारण दोन-तीन लिटर खाते. हा उतार उतरायला पाच-सहा मिनिटे लागतात. म्हणजे इंजिन बंद ठेवून वाचणारे डिझेल जेमतेम पाव लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले, तरी वीस-पंचवीस रुपये. एका फेरीतील खंडाळा, खंबाटकी, कात्रज अशा साऱ्या उतारांची बेरीज केली की चालकाच्या मते काही अर्थ असलेला आकडा तयार होतो.

गंमत अशी, की ही तुलनाच चुकीची आहे. गाडी गिअरमध्ये असेल आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढला असेल, तर आधुनिक इंजिनात डिझेलचा पुरवठा आपोआप तुटतो. चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंजिन गाडीला मागे ओढून धरते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चाकांपासून सुटते आणि स्वतःला चालू ठेवण्यासाठी डिझेल जाळत राहते. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरणारा चालक गिअरमध्ये उतरणाऱ्यापेक्षा अधिक डिझेल खर्च करतो! न्यूट्रलमध्ये मिळतो तो फक्त वेग. जुन्या यांत्रिक पंपांतही पाय काढल्यावर डिझेलचा पुरवठा तुटतच असे. तरीही न्यूट्रलची समजूत पिढ्यान्‌पिढ्या उस्तादाकडून शागिर्दाकडे चालत आली आहे.

जाते ते मात्र मोठे. अवजड वाहनाचे ब्रेक दाबाखालच्या हवेवर चालतात आणि ती हवा टाक्यांत भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. प्रत्येक वेळी ब्रेक दाबून सोडला, की थोडी हवा 'फुस्स' करीत बाहेर जाते. इंजिन चालू असेल तर ती भरून निघते. बंद असेल तर साठा घटत जातो. पॉवर स्टीअरिंगचा पंपही इंजिनावरच चालतो, त्यामुळे इंजिन बंद होताच स्टीअरिंग दगडासारखे जड होते. इंजिनाची ओढ आणि एक्झॉस्ट ब्रेक हे दोन्ही आधार गेलेलेच असतात. उरतात फक्त चाकांचे ड्रम. ते सतत घासून तापतात आणि तापलेला ब्रेक पकड सोडतो. हवेचा दाब फारच खाली गेला, तर ज्या गाड्यांत स्प्रिंगचे ब्रेक असतात तिथे मागची चाके अचानक जखडतात. चाळीस टनांच्या ट्रेलरला त्या क्षणी सरळ ठेवणे कोणाच्याही हातात नसते. घाबरलेला चालक पुन्हा इंजिन चालू करून गिअर टाकू पाहतो, पण वेग वाढलेला असताना गिअर पडत नाही. अपघातानंतरच्या जबाबात याचेच वर्णन 'ब्रेक लागले नाहीत' असे होते आणि एका अर्थी ते खोटेही नसते.

नवले पुलावरचा प्रत्येक अपघात डिझेलच्या काटकसरीतून झाला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी याच उतारावर अवजड वाहनांच्या मध्ये मोटार सापडून आग लागली आणि आठ जणांचे प्राण गेले. रस्त्याची रचना, जादा वजन, निकृष्ट देखभाल, सेवा रस्त्यांवरची गर्दी या साऱ्यांचा तिथे वाटा आहे. लांब उतारानंतर रस्ता थेट शहराच्या दाट वाहतुकीत उतरतो, ही मूळ अडचण. वेगमर्यादा कमी करणे, रम्बलर पट्ट्या, कॅमेरे, चालकांना सूचना देणारे फलक असे उपाय वेळोवेळी झाले. फलक वाचणाऱ्या चालकाच्या खिशातला डिझेलचा हिशेब मात्र त्याने बदलत नाही.

तो बदलणे मालकाच्या हाती आहे. वजन, रस्ता आणि कोंडी पाहून डिझेल ठरविणे, वाट पाहण्यात जळलेल्या डिझेलची वेगळी भर घालणे आणि टाकी पाव भागाच्या खाली जाऊ न देण्याची मुभा व पैसे चालकाला देणे, यांपैकी कशालाही नव्या यंत्राची गरज नाही. यंत्रेही आता आहेत. टाकीतला सेन्सर आणि जीपीएस जोडलेल्या गाडीत, चाके फिरत असताना किल्ली कुठे व किती वेळ बंद होती, याची नोंद मालकाच्या मोबाइलवर येऊ शकते. अनेक मालक ही सोय घेतात ती मुख्यतः डिझेलचोर पकडण्यासाठी. कात्रज बोगद्यानंतरच्या चार-पाच किलोमीटरची नोंदही त्याच पडद्यावर असते.