विष सापडलं, पण ते दिलं कुणी?

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात कर्नाटक एसटीचं मोठं बसस्थानक आहे. २००९ पर्यंतच्या काही वर्षांत तिथल्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहात अधूनमधून एखादी तरुणी मृतावस्थेत सापडायची. दार आतून बंद, अंगावर ठेवणीतली साडी, झटापटीची खूण नाही आणि ओळख पटावी असं जवळ काही नाही. बेंगळुरूसारख्या इतर शहरांच्या बसस्थानकांतही असेच मृतदेह मिळत होते. बेवारस म्हणून नोंद व्हायची आणि संशय गेलाच तर आत्महत्येकडे जायचा. २००९च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यातला माजी प्राथमिक शिक्षक मोहनकुमार पकडला गेला, तेव्हा हे खून असल्याचं उघड झालं. ‘सायनाइड मोहन’ म्हणून तो कुप्रसिद्ध झाला. त्याच्यावर वीस खुनांचे खटले चालले.

कायद्यानं अशा मृत्यूंची चौकशी करावीच लागते. तरी खून इतकी वर्षं लपून कसा राहिला?

कारण वेगळं, प्रकार वेगळा

अनैसर्गिक मृत्यूच्या तपासात दोन प्रश्न असतात. माणूस कशानं मेला, हे मृत्यूचं कारण. ते कसं घडलं, हा मृत्यूचा प्रकार. न्यायवैद्यकशास्त्र पाच प्रकार मानतं : नैसर्गिक, अपघाती, आत्महत्या, मनुष्यवध आणि अनिर्णित. बुडून मृत्यू हे कारण झालं. पण पाय घसरला, उडी मारली की कुणी ढकललं, हे फुप्फुसांत शिरलेलं पाणी सांगत नाही. विषाचंही तसंच. डॉक्टर कारण सांगतात आणि प्रकाराबद्दल मत देऊ शकतात. शेवटी प्रकार सिद्ध होतो तो पोलीस तपासातून आणि न्यायालयात.

पहिली पायरी : पंचनामा

महाराष्ट्रात अशा घटनेची ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंद होते, कर्नाटकात ‘यूडीआर’ (अनैसर्गिक मृत्यूचा अहवाल) म्हणून. मग पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा. पूर्वी तो दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होई. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ लागू आहे. मृतदेह कसा पडला होता, जखमा कुठे, कपडे कसे, आसपास काय सापडलं, हे सगळं त्यात येतं.

जे नाही तेही इथे टिपायला हवं. नटूनथटून निघालेल्या बाईच्या अंगावर दागिना नाही, हातात पिशवी नाही, जवळ फोन नाही. विष घेतलं असेल तर ते कशातून आणलं, याचाही पत्ता नाही. आतून लावलेल्या कडीनं आत्महत्येची समजूत करून दिली खरी, पण या उणिवा काही वेगळंच सांगत होत्या.

शवागारात काय दिसतं

सायनाइड पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन असूनही माणूस आतून गुदमरतो. वापर न झाल्यानं नीलांतलं रक्तही लालभडक राहतं आणि मृत्यूनंतर शरीराच्या खालच्या बाजूला साकळणारे डाग नेहमीच्या जांभळटऐवजी लालसर दिसू शकतात. जठराचं अस्तर लाल होऊन सुजलेलं असतं. कडू बदामासारखा वास येतो. मात्र तो ओळखण्याची क्षमता सगळ्यांच्या नाकात नसते. लालसर डाग कार्बन मोनॉक्साइडमुळे किंवा थंडीत ठेवलेल्या मृतदेहावरही पडतात. म्हणून नुसत्या डोळ्यांवर आणि नाकावर निष्कर्ष काढता येत नाही.

बरणीतला व्हिसेरा

‘व्हिसेरा राखून ठेवला’ हे वाक्य बातम्यांत नेहमी येतं. जठर आणि त्यातला ऐवज, आतड्याचा तुकडा, यकृत आणि मूत्रपिंडाचे भाग बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात बुडवून बरण्या सीलबंद करतात. रक्त वेगळ्या बाटलीत. प्रत्येक बरणीवर लेबल, आणि ती कुणाच्या हातून कुणाकडे गेली याची नोंद. ही साखळी तुटली तर अहवाल न्यायालयात लटका पडतो.

सायनाइड हे वेळेशी झुंजायला लावणारं विष आहे. ते उडून जातं, साठवलेल्या नमुन्यात कमी होत जातं. उलट कुजणाऱ्या ऊतींत थोडंफार तयारही होऊ शकतं. त्यामुळे उशिरा मिळालेल्या अहवालाचा अर्थ लावणं अवघड होतं.

उत्तर मृतदेहाबाहेर

समजा, अहवालात सायनाइड स्पष्ट आलं. तरी ते तिनं स्वतः घेतलं की फसवून दिलं गेलं? इथे उत्तर मृतदेहाबाहेर शोधावं लागलं. बंटवाळ तालुक्यातली एक तरुणी २००९ मध्ये बेपत्ता झाली. तिच्या फोनच्या नोंदी तपासताना पोलीस दुसऱ्या बेपत्ता स्त्रियांच्या क्रमांकांपर्यंत पोहोचले आणि तिथून मोहनकुमारपर्यंत. लग्नाचं आमिष, लॉजवर मुक्काम, दागिने खोलीतच ठेवायला सांगणं आणि मग बसस्थानकावर गर्भनिरोधक म्हणून दिलेली गोळी, ही त्याची पद्धत होती. गोळी स्वच्छतागृहात जाऊन घे, असं तो सांगे. कडी आतून का होती, याचा उलगडा तेव्हा झाला.

मुली दक्षिण कन्नडमधून हरवत होत्या आणि मृतदेह म्हैसूरला मिळत होते. दोन ठिकाणची कागदपत्रं एकमेकांना भेटली नाहीत, तोवर प्रत्येक मृत्यू सुटा राहिला.

प्रत्येक मृत्यूचा वेगळा पुरावा

डिसेंबर २०१३ मध्ये मंगळूरच्या न्यायालयानं तीन खुनांत त्याला फाशी सुनावली. २०१७ मध्ये उच्च न्यायालयानं एका प्रकरणातली फाशी जन्मठेपेवर आणली, तर एका प्रकरणात त्याला निर्दोष ठरवलं. विसाव्या खटल्याचा निकाल जून २०२० मध्ये लागला, जन्मठेपेचा. पद्धत एकच असली तरी प्रत्येक खून स्वतंत्रपणे शाबीत करावा लागतो.

नातेवाइकांसाठी

घरातली मुलगी निघून गेली तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प बसू नका. बेपत्ता झाल्याची तक्रार त्याच दिवशी द्या. मृत्यू संशयास्पद असेल तर कपडे धुऊ नका, फोन आणि औषधांची पाकिटं पोलिसांच्या हवाली करा, काय-काय वस्तू गायब आहेत ते जबाबात लिहून घ्यायला लावा. शवविच्छेदन अहवालाची प्रत मागा आणि व्हिसेराच्या अहवालाचा पाठपुरावा करा. मृत्यूचं कारण डॉक्टर शोधतील. प्रकार ठरवायला लागणारी माहिती बहुतेक वेळा घरच्यांकडेच असते.