डोळ्यात भरणारे शब्द

चटकन नजरेत येणाऱ्या गोष्टीसाठी ग्रीक भाषेत जे जुने शब्द आहेत, त्यांतले बरेचसे उजेडातून जन्मले. इंग्रजीने लॅटिनकडून उचललेले शब्द मात्र बरेचदा डोळा, हात, रस्ता आणि कळप यांतून आले. ग्रीकांच्या लेखी वस्तू स्वतः उजळते म्हणून दिसते. रोमन माणसाच्या लेखी ती कोणाच्या तरी नजरेस पडते, हाती लागते किंवा वाटेत आडवी येते.

ग्रीकमधला सर्वांत रुळलेला शब्द 'फानेरॉस', म्हणजे उघड दिसणारा. त्यामागचे क्रियापद 'फाइनेइन', उजेडात आणणे. संस्कृतातल्या 'भा' धातूचे हे सख्खे भावंड. आपल्याकडे त्यातून प्रभा, आभा आणि भास्कर आले. तिकडे फेनॉमेनन, चंद्राच्या कलेला म्हणतात ती फेज आणि एम्फसिस. पृथ्वीच्या इतिहासात साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कालखंडाला भूशास्त्रज्ञ फॅनेरोझोइक म्हणतात, कारण डोळ्यांना दिसतील असे जीवाश्म तेव्हापासूनच्या खडकांत मुबलक सापडतात. याच कुळातून फँटम आणि फँटसीही निघाले, आणि आपल्याकडे 'भास'. लख्ख दिसणे आणि नसलेले दिसणे ही दोन्ही एकाच धातूची लेकरे असावीत, आणि तीही दोन दूरच्या भाषांत, हे फार विलक्षण आहे.

'एपिफानेस' हा त्याच घरातला मानाचा शब्द. माणसांपुढे प्रकट होणाऱ्या देवाला तो लावत. ६ जानेवारीच्या ख्रिस्ती सणाचे एपिफनी हे नाव त्याच घरातले. गोव्यात रेइश मागुश आणि चांदोरला तो तीन राजांचे फेस्त म्हणून साजरा होतो. इ.स.पू. १७५ ते १६४ या काळात राज्य करणाऱ्या चौथ्या अँटिओकसने स्वतःच्या नाण्यांवर 'थेऑस एपिफानेस', प्रकट झालेला देव, असे कोरून घेतले. लोक त्यात एक अक्षर बदलून त्याला 'एपिमानेस', म्हणजे वेडा, म्हणत, अशी नोंद इतिहासकार पॉलिबिअसने केली आहे.

हीच पदवी गंधाराकडच्या पॉलिक्सेनोस या यवन, म्हणजे ग्रीक, राजाच्या नाण्यावरही आहे. नाणे द्विभाषी: एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत. ग्रीक बाजूला 'एपिफानेस', तर प्राकृत बाजूला 'प्रचछ'. अभ्यासक याला संस्कृत 'प्रत्यक्ष' मानतात. प्रत्यक्ष म्हणजे अक्षीसमोरचे, डोळ्यांपुढचे. ज्या अनाम माणसाने हा शब्द निवडला, त्याने एका चिमुकल्या चकतीवर उजेडाची भाषा डोळ्याच्या भाषेत आणून ठेवली.

'डेलॉस' हा दुसरा शब्द, म्हणजे स्पष्ट दिसणारा. एजियन समुद्रातल्या डेलॉस बेटाची कथा त्यावरच उभी आहे. हे बेट आधी पाण्यावर तरंगत असे, लेटोने तिथे अपोलोला जन्म दिला तेव्हा ते जागच्या जागी स्थिरावले आणि सर्वांना दिसू लागले, म्हणून ते डेलॉस. 'ओडिसी'त ओडिसियस आपल्या इथाका बेटाला 'युडेइएलॉस' म्हणतो. त्याचा परंपरागत अर्थ लांबूनही ठळक दिसणारे असा आहे. घरी परतू पाहणाऱ्या माणसाच्या तोंडी हे विशेषण शोभते. विसाव्या शतकात मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी सायकेडेलिक, म्हणजे मन प्रकट करणारे, हा शब्द घडवला तो याच 'डेलॉस'वरून.

तिसरा शब्द 'एनार्गेस'. त्यात 'आर्गॉस' आहे, म्हणजे लखलखीत पांढरा. संस्कृतातले अर्जुन आणि रजत त्याच वंशातले. होमरचे देव खऱ्या रूपात समोर उभे राहतात तेव्हा ते 'एनार्गेस' असतात, आणि तसे त्यांना पाहणे माणसाला झेपत नाही. पुढे वक्तृत्वशास्त्रात 'एनार्गेइया' म्हणजे ऐकणाऱ्याला प्रसंग दिसू लागेल असे वर्णन. इ.स.पू. ४५ च्या सुमारास रोमन वक्ता सिसेरोला या शब्दासाठी लॅटिन प्रतिशब्द हवा होता. त्याने सुचवलेल्यांपैकी एक 'एविडेन्शिया', पाहणे या अर्थाच्या क्रियापदातून बनवलेला. नाण्यावरच्या त्या अनाम माणसाप्रमाणे त्यानेही उजेड सोडून डोळा धरला, आणि इंग्रजीला एव्हिडंट हा शब्द मिळाला. न्यायालयातला एव्हिडन्स तिथलाच.

कॉन्स्पिक्युअस हा इंग्रजी शब्द लॅटिन 'स्पेकेरे', पाहणे, यावरून आला. संस्कृत 'स्पश्' हा त्याच मूळचा, आणि मराठीतले 'स्पष्ट' त्यातूनच. रोजच्या बोलण्यातला 'स्पष्ट' आणि परीक्षेपुरता पाठ केलेला कॉन्स्पिक्युअस हे असे चुलतभाऊ आहेत. संस्कृतात 'स्पश' म्हणजे हेरही. माघाने 'शिशुपालवधा'त हेर आणि महाभाष्य या व्याकरणग्रंथाचे पहिले प्रकरण पस्पशाह्निक यांवर श्लेष साधला आहे. ग्रीकांनी याच मुळातली व्यंजने उलटीपालटी केली. टेलिस्कोप, स्केप्टिक आणि देखरेख करणारा तो बिशप हे त्या फांदीवरचे. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये श्रीमंतांच्या दिखाऊ खर्चाला कॉन्स्पिक्युअस कन्झम्प्शन म्हटले आणि शब्द अर्थशास्त्रात गेला.

ऑब्व्हिअस म्हणजे मुळात वाटेत समोर येणारे. लॅटिनमध्ये 'विया' म्हणजे रस्ता. मॅनिफेस्टमध्ये 'मानुस' आहे, म्हणजे हात. इ.स.पू. ४५० च्या सुमाराच्या रोमन बारा पाट्यांच्या कायद्यात चोरी करताना पकडलेल्या चोराला हेच विशेषण होते. चोर स्वतंत्र नागरिक असला तरी त्याला फटके मारून मालकाच्या स्वाधीन करत. चोरी मागाहून सिद्ध झाली, तर दुप्पट भरपाईवर भागे. हात आणि गुन्हा यांची हीच सांगड मराठीत 'रंगेहात'मध्ये आहे. पेटंट म्हणजे उघडे: इंग्लंडच्या राजाची काही पत्रे मोहरबंद घडीची नसत, मोहोर खाली लोंबत असे आणि मजकूर कोणालाही वाचता येई. सेलिअंट उडी मारतो, प्रॉमिनंट पुढे झुकतो. मराठीत वस्तू 'उठून' दिसते, ती बहुधा याच जातीची हालचाल.

डोळ्यात भरणे आणि डोळ्यात खुपणे यांत अंतर थोडेच, आणि इंग्रजीत ते वारंवार ओलांडले गेले. इग्रीजिअस म्हणजे कळपातून वेगळा काढलेला. सोळाव्या शतकात ती स्तुती होती. आज हा शब्द घोर चुकीलाच लागतो. फ्लेग्रंट म्हणजे जळता. 'धडधडीत खोटे' म्हणताना मराठीतही पेटलेल्या जाळाचा आवाज ऐकू येतो. ब्लेटंट कवी एडमंड स्पेन्सरच्या 'द फेअरी क्वीन'मधल्या निंदाखोर पशूच्या नावातून आला. आधी कानाला बोचणारा हा शब्द पुढे डोळ्याला बोचू लागला.

न दिसण्यातूनही ठळक होता येते, हे रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवले. इ.स. २२ मध्ये रोममध्ये जुनिया वारली. ती ब्रूटसची बहीण आणि कॅसिअसची बायको. फिलिप्पीच्या लढाईत दोघे संपले त्याला तेव्हा ६३ वर्षे झाली होती. अंत्ययात्रेत वीस थोर घराण्यांच्या पूर्वजांच्या प्रतिमा मिरवल्या गेल्या. सीझरच्या या दोन मारेकऱ्यांच्या प्रतिमा त्यांत नव्हत्या, आणि नेमके त्यामुळेच ते दोघे इतर सर्वांहून अधिक झळकले, असे टॅसिटस लिहितो. १८५९ मध्ये लॉर्ड जॉन रसेल यांनी हीच कल्पना इंग्रजी राजकारणात आणली, आणि गैरहजेरीमुळे ठळक होणाऱ्यालाही इंग्रजीत कॉन्स्पिक्युअस म्हणू लागले. टॅसिटसचे मूळ क्रियापद मात्र डोळ्याचे नाही. ते झळाळण्याचे आहे.