‘काढू का?’

यूएसबीची जुनी, चपटी पिन उजेडात धरून आत पाहिली तर सोनेरी मुलाम्याच्या चार पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन जरा लांब, मधल्या दोन आखूड. कडेच्या पट्ट्या विजेच्या, मधल्या माहितीच्या. त्यामुळे पिन खोचताना आधी वीज जुळते, मग माहिती. उपसताना आधी माहिती तुटते आणि वीज शेवटी. हा लांब-आखूडपणा मुद्दाम ठेवलेला आहे. चालू संगणकाला काही जोडलं किंवा त्याचं काही काढलं तरी आतलं काही जळू नये, एवढ्यासाठी.

यूएसबीचं पहिलं मानक १९९६च्या जानेवारीत आलं. त्याआधी प्रिंटर किंवा स्कॅनर जोडायचा म्हणजे बहुतेक वेळा संगणक बंद करा, वायर लावा, पुन्हा चालू करा, असा सोपस्कार असे. तो मोडीत काढणाऱ्या सात कंपन्यांच्या खटपटीत इंटेलच्या अजय भट्ट यांचं नाव ठळकपणे घेतलं जातं. भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. गायकवाडांच्या बडोद्याशी असलेलं नातं धरून मराठी माणसाने त्याचं थोडं कौतुक करून घ्यायला हरकत नाही. पण या मानकाने हमी घेतली ती विजेची. वायरीच्या दुसऱ्या टोकाला हार्ड डिस्क आली आणि ती मधेच उपसली, तर तिच्यावरचं लिखाण शाबूत राहील का, हा प्रश्न पिनेच्या अखत्यारीतला नव्हताच. तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या गळ्यात पडला आणि तिने तो घड्याळाशेजारच्या एका बारीक चिन्हावर ढकलून दिला. ते चिन्ह म्हणजे ‘सेफली रिमूव्ह हार्डवेअर’, बोलीभाषेत ‘इजेक्ट’.

लग्नसराईत कुठल्याही फोटो स्टुडिओत संध्याकाळी बसून पाहावं. कॅमेऱ्यांची कार्डं रिकामी होत असतात, एका हार्ड डिस्कवरून दुसरीवर कॉपी मारणं चालू असतं. एका लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ शंभर जीबीच्या पुढे सहज जातात. जुन्या यूएसबी २.० पोर्टवर सेकंदाला पस्तीसेक एमबीच्या वेगाने एवढा डेटा हलायला पाऊण तास लागतो, ३.० पोर्टवर डिस्क सेकंदाला शंभर एमबी लिहीत असेल तर पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. मग हाताखालचा पोरगा विचारतो, “दादा, काढू का?” यावर दादा ‘इजेक्ट मारलंस का’ असं क्वचितच विचारतो. तो म्हणतो, “लाइट लुकलुकायचा थांबला का बघ.”

हा दिव्याचा आडाखा अगदीच खुळा नाही, पण अर्धाच खरा आहे. दिवा सांगतो ते एवढंच, की या क्षणी डिस्कशी बोलणं चालू आहे की नाही. संगणकाला अजून काही बोलायचं बाकी आहे का, ते त्याला कुठून कळणार?

आणि बाकी असू शकतं. डिस्कवर लिहिणं हे संगणकाच्या हिशेबात फार सावकाशीचं काम. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम फाइल आधी स्वतःच्या मेमरीत घेते, तुम्हाला ‘झालं’ असं सांगून मोकळी करते आणि प्रत्यक्ष लिखाण मागाहून, सवडीने उरकते. याला राइट कॅश म्हणतात. लिनक्सवर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. सेकंदाला १० एमबी लिहिणाऱ्या एखाद्या स्वस्त पेनड्राइव्हवर एक जीबीची फाइल टाका. कॉपीची पट्टी भर्रकन शेवटाला पोचते, पण इजेक्ट म्हटलं की यंत्र अडून बसल्यासारखं वाटतं. ते अडलेलं नसतं. जी पट्टी कधीच पूर्ण दिसली, तिचं दीड मिनिटाचं काम तेव्हा चालू असतं. लहान फाइल असेल तर ती मेमरीत तीसेक सेकंद नुसती पडूनही राहू शकते. तेवढा वेळ दिवा शांत आणि डिस्कवर फाइलचा पत्ता नाही.

म्हणजे इजेक्टची गरज मुळात का पडते? संगणकाला आपण वेगासाठी थोडं खोटं बोलायची मुभा दिली आहे म्हणून. काम उरकायच्या आधी ‘उरकलं’ म्हणायची परवानगी, आणि इजेक्ट ही त्याला खरं बोलायला लावायची वेळ. बाजारात वेगवान यंत्राचं कौतुक होतं, खरं बोलणाऱ्याचं होत नाही. त्यामुळे ही मुभा पुनःपुन्हा दिली गेली आणि अंगाशी आल्यावर काढूनही घेतली गेली.

१९९३ साली मायक्रोसॉफ्टच्या डॉस ६.० मध्ये स्मार्टड्राइव्ह नावाची सोय होती, तिच्यात हे मागाहून लिहिणं मुळातच चालू ठेवलेलं होतं. डॉसच्या सवयीच्या लोकांना पडद्यावर सी प्रॉम्प्ट दिसला की बटण दाबून संगणक बंद करायची रीत ठाऊक होती. प्रॉम्प्ट दिसे, बटण दाबलं जाई आणि मेमरीतलं न लिहिलेलं सगळं तिथेच संपे. ओरड झाली. पुढे डॉस ६.२ मध्ये आधी लिखाण पुरं, मग प्रॉम्प्ट, असा क्रम लावला गेला.

पंचवीस वर्षांनी तेच नाटक पुन्हा झालं. विंडोज १०च्या १८०९ या आवृत्तीत, म्हणजे २०१८च्या अखेरीस, बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी ‘बेटर परफॉर्मन्स’ हा ठरीव पर्याय बदलून ‘क्विक रिमूव्हल’ केला गेला. नव्या पर्यायात मागाहून लिहिण्याची उधारी ठेवली जात नाही. पट्टी संपली म्हणजे बहुतांशी खरोखरच संपलं. बातमी पसरताच ‘आता इजेक्ट करायची गरज नाही’ असे मथळे झळकले. खुद्द मायक्रोसॉफ्टचं म्हणणंही साधारण तसंच होतं. माझ्या मते ते मथळे घाईचे होते. कारणं पुढे येतीलच.

त्याआधी ॲपलची एक गंमत. १९८४च्या पहिल्या मॅकिन्टॉशला फ्लॉपी बाहेर काढायचं बटणच नव्हतं. फ्लॉपी मोटर ढकलायची आणि मोटरला हुकूम सॉफ्टवेअरने द्यायचा. म्हणजे यंत्राला विचारल्याशिवाय फ्लॉपी काढताच येत नव्हती. अगदीच अडलं तर पुढच्या बारीक भोकात कागदाची क्लिप सरळ करून खुपसायची. वापरणाऱ्याच्या हातून मुळी चूकच होऊ न देण्याचा हा कडक उपाय. पण त्याच मंडळींनी फ्लॉपी काढण्यासाठी तिचं चित्र कचऱ्याच्या डब्यावर ओढत न्यायची रीत रूढ केली. आपलं काम कचऱ्यात टाकल्यावर ते सुखरूप हातात येतं, हे पटायला नवख्यांना फार जड जाई. ओएस एक्समध्ये शेवटी शहाणपण आलं: डिस्क ओढायला लागलं की डब्याचं चित्र बदलून इजेक्टचं होतं.

आता कारणं. पहिलं कारण डिस्कवरच्या नोंदींचं. हार्ड डिस्कवर फाइल नुसती ओतलेली नसते. कुठला तुकडा कुठे आहे, कुठली जागा मोकळी आहे, याच्या नोंदी वेगळ्या असतात. विंडोजची एनटीएफएस पद्धत १९९३ पासूनची. ती दुकानदाराच्या रोजकीर्दीसारखी आधी ‘अमुक बदल करणार’ अशी टीप लिहिते, मग खतावणीला हात लावते. मधेच वीज गेली तर टीप वाचून नोंदी जुळवून घेता येतात. फाइलच्या आतला मजकूर वाचेलच असं नाही, पण सगळी डिस्क कोसळत नाही. मॅकच्या अलीकडच्या पद्धतींतही असा बंदोबस्त आहे. अडचण अशी, की मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो पण तिच्यावर आपणहून लिहीत नाही. मग दोन्हीकडे चालावी म्हणून डिस्क २००६च्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केली जाते. तिच्यात ही आगाऊ टीप नाही. जुन्या फॅट ३२ मध्ये तुकड्यांच्या तक्त्याची निदान दुसरी प्रत असायची. एक्सफॅटमध्ये सहसा तीही नसते. थोडक्यात, या लॅपटॉपवरून त्या लॅपटॉपवर सगळ्यांत जास्त हिंडणारी आणि सगळ्यांत जास्त वेळा उपसली जाणारी डिस्क नेमकी कमीत कमी बंदोबस्ताची. अशी डिस्क घिसाडघाईने काढल्यावर कधी ‘स्कॅन अँड फिक्स’ची पाटी येते, आणि ते केल्यावर ‘फाउंड ०००’ नावाच्या फोल्डरात नाव-गाव हरवलेले तुकडे गोळा झालेले दिसतात. त्यांतून नवरीचा फोटो कुठला आणि मेन्यूकार्डाचा कुठला, हे एकेक उघडूनच शोधायचं.

दुसरं कारण डिस्कच्या डब्याच्या आत आहे, आणि मला तेच अधिक मोहवतं. १९५६ साली आयबीएमने पहिली विक्रीची हार्ड डिस्क काढली तेव्हा २४ इंची ५० तबकड्यांवर मिळून जेमतेम पाच एमबीच्या आतबाहेर माहिती मावत होती आणि कपाटाचं वजन टनाच्या घरात होतं. आज खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कमध्ये एखाद-दोन तबकड्या असतात, बहुधा काचेच्या, वर चुंबकीय थर दिलेला. त्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात. हिशेब केला तर तबकडीची कड ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास धावत असते. तिच्यावर वाचणारं-लिहिणारं हेड टेकत नाही. फिरण्याने उठलेल्या हवेवर ते काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगतं. काम नसेल तेव्हा ते तबकडीच्या बाहेर एका उतरत्या प्लॅस्टिकच्या पायरीवर चढून बसतं.

आता वायर उपसली. वीज गेली, तबकडी मंदावणार, हवेचा आधार विरणार आणि हेड काचेवर आपटणार. इथे अभियंत्यांनी सुरेख तोड काढली आहे. फिरत्या तबकडीच्या अंगात अजून वेग असतो. वीज जाताच तिचीच मोटर जनित्र होते, आणि त्या उरल्यासुरल्या विजेवर हेडचा दांडा झटका देऊन पायरीवर चढवला जातो. कान दिला तर ऐकू येतं. रीतसर इजेक्ट केल्यावर आवाज हळूहळू विरतो. उपसल्यावर एक टोकदार ‘टक्’ येतो. एका उपसण्याने डिस्क मरत नाही. पण रीतसर चढ-उतार लाखांच्या हिशेबात झेपतील अशा धरतात, तर असे झटके हजारांच्या. क्विक रिमूव्हल लावलं म्हणून हा झटका टळत नाही. ते फक्त लिखाणाचं बघतं.

आणखी एक. इजेक्टनंतर ‘आता काढा’ची पाटी आली की डिस्क लगेच उचलून बॅगेत टाकायची घाई असते. आतली तबकडी त्या वेळी बऱ्याचदा अजून थांबत असते. वायर काढा, पण डिस्क आहे तिथेच दहा-पंधरा सेकंद राहू द्या.

या सगळ्यात माणसाच्या निष्काळजीपणावर बोट ठेवणं सोपं आहे. मला मात्र दोष इजेक्टच्या पाटीचा जास्त वाटतो. शिस्तीचा माणूस बिचारा इजेक्ट दाबतो आणि उत्तर येतं: हे साधन वापरात आहे, वापरणारे प्रोग्रॅम बंद करून पुन्हा प्रयत्न करा. कोणते प्रोग्रॅम? ते सांगायचं नाही. समोर तर सगळं बंद केलेलं असतं. चार वेळा असं झालं की माणूस चिडून वायर ओढतो, पाचव्या वेळेपासून विचारतच नाही. शिस्त मोडायला यंत्रानेच शिकवलं.

विशेष म्हणजे नाव विंडोजला ठाऊक असतं. इजेक्ट दाबल्यावर ती चालू प्रोग्रॅमना विचारते, हा ड्राइव्ह जातोय, कुणाची हरकत? एखाद्याची फाइल उघडी असली तर तो नकार देतो, आणि या नकाराची नोंद होते. इव्हेंट व्ह्यूअर उघडावा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीमवर जावं आणि कर्नल-पीएनपीची २२५ क्रमांकाची नोंद शोधावी. तिथे अडवणाऱ्या प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता आणि प्रोसेस क्रमांक लिहिलेला असतो. बहुतेकदा नाव निघतं ते अँटीव्हायरसचं, शोधासाठी याद्या करणाऱ्या इंडेक्सरचं, किंवा त्याच डिस्कवरचं फोल्डर उघडं ठेवून मागे लपलेल्या एखाद्या खिडकीचं. हिशेबनीसांकडे टॅलीचा डेटा थेट पेनड्राइव्हवरून उघडलेला असतो आणि कंपनी बंद करायची राहून गेलेली असते. जी माहिती दोन मिनिटं शोधून सापडते, ती पाटीवर एका ओळीत छापायला काय हरकत होती? मॅक निदान कधीकधी प्रोग्रॅमचं नाव घेतो. लिनक्सवर आज्ञा टंकून सगळी यादी मिळते, पण ते ज्याला जमतं त्याला हा प्रश्न फारसा पडतच नाही.

नाव कळलं की तो प्रोग्रॅम बंद करावा आणि पुन्हा इजेक्ट. नाहीच ऐकलं तर लॅपटॉप पूर्ण शट डाउन करून, डिस्क थांबल्यावर काढावी. झाकण मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे, हे इथे सांगायलाच हवं. झाकण मिटून लॅपटॉप झोपतो, पण त्याच्या लेखी डिस्क जोडलेलीच असते. झोपेत ती काढून नेली तर उठल्यावर मॅक ‘डिस्क नीट इजेक्ट केली नाही’ म्हणून कुरकुरतो आणि आपण ती सूचना न वाचता बाजूला सारतो.

हीच सूचना कधी कुणी हातही न लावता येते. त्यावेळी पोर्टेबल डिस्कचं ते रुंद, मधे खाच असलेलं मायक्रो-बी सॉकेट बघावं. वायर टेबलाखाली लोंबकळत ठेवल्याने ते ढिलं होतं, आणि लॅपटॉप जरा सरकवला की क्षणभर संपर्क तुटतो. दिवसभर संपर्क असा निसटत राहिला तर एकदा उपसण्यापेक्षा ते वाईट, कारण प्रत्येक वेळी आत तोच ‘टक्’ होतो आणि लिखाण मधेच तुटतं. आधी वायर बदलून पाहावी. तरी थांबलं नाही तर डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा आणि मगच ते सॉकेट दुरुस्तीवाल्याच्या हाती द्यावं.